उतारावरचे तालुके : शहापूर आणि मुरबाड

शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत भूगोलाचा तास चालू होता. एप्रिलचा शेवटचा आठवडा, शाळेतला हातपंप आठ दिवसांपासून कोरडा. आम्ही फळ्यावर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांची नावे लिहीत होतो. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘‘सर, भातसा आमच्या तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात, मग टँकर पण आमच्याकडेच का येतो?’’

‘मुंबई मोठी आहे ना’ असे काहीतरी उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. तिचे समाधान झाले नाही हे दिसतच होते, आणि खरे तर आमचेही झाले नव्हते. उत्तर शोधायला लागल्यावर लक्षात आले की ते एका धड्यात बसणारे नाही. त्यासाठी खडक पाहावा लागतो, पाऊस मोजावा लागतो आणि दोन हजार वर्षे मागेही जावे लागते.

आधी नकाशा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. या सात तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८० लाखांहून अधिक भरते. त्यांत शहापूरचे लोक तीन लाखांच्या थोडे वर आणि मुरबाडचे दोन लाखांच्या आतच. बाकी सगळी गर्दी पश्चिमेकडच्या शहरांत. नकाशात मात्र चित्र उलटे दिसते. पूर्वेकडचा मोठा हिरवा-तपकिरी भाग या दोन तालुक्यांनीच व्यापलेला आहे.

या भागाच्या पूर्वेला सह्याद्रीचा कडा भिंतीसारखा उभा आहे. मुरबाड तालुक्यातल्या वाल्हिवऱ्यासारख्या गावातून हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिला की ‘भिंत’ हा शब्द उगाच वापरलेला नाही हे पटते. कड्याच्या पायथ्याशी डोंगरांच्या सोंडा, त्यांच्यामध्ये भाताची खाचरे आणि पश्चिमेला जमीन हळूहळू उतरत कल्याण-भिवंडीच्या खाडीपर्यंत जाते. भातसा, काळू, शाई, मुरबाडी, बारवी या नद्या याच उताराने वाहतात आणि शेवटी उल्हास नदीला मिळतात. उत्तरेकडे तानसा आणि वैतरणा आहेत. एकही नदी पूर्वेकडे जात नाही. मुलांना रंगीत खडूने नद्यांवर बाण काढायला सांगावे. सगळे बाण एकाच दिशेला येतात, आणि हा लेख वाचताना ते बाण डोळ्यांसमोर असू द्यावेत.

येथे पाऊस वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, कड्याजवळ त्याहून जास्त. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जमिनीखाली आहे बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून तयार झालेला लाव्हाचा खडक. वाळूत किंवा गाळाच्या जमिनीत जसे पाणी मुरते तसे ते घट्ट बेसाल्टमध्ये मुरत नाही. वरचा झिजलेला मुरूम आणि खडकातल्या भेगा एवढीच काय ती साठवणीची जागा. उताराच्या जमिनीत तेही पाणी खाली सरकत राहते. त्यामुळे दिवाळीला काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवू लागते. पाऊस भरपूर आणि विहीर कोरडी, यात विरोधाभास काही नाही. खडक आणि उतार यांचा तो साधा परिणाम आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर मुलीला उत्तर मिळाले असते : निसर्गच असा आहे. पण गणित करून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चाळीस चौरस मीटरच्या घराच्या छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास माणशी २० लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत लागतात १२,००० लिटर. म्हणजे छपरावर पडलेल्या पाण्याचा आठवा भागही नाही. हे पाणी साठवायला दोन मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि तीन मीटर खोल टाके पुरते. मग अडचण निसर्गाची कमी आणि साठवणीची जास्त आहे. साठवण कोणासाठी झाली, हा प्रश्न मात्र इतिहासाचा.

नाणेघाट

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गाव लागते. तेथून नाणेघाटाची वाट चढते. वर पोचल्यावर खिंडीच्या तोंडाशी एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत सातवाहन राणी नागनिका हिचा लेख कोरलेला आहे. तो साधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा आणि डोक्यावरची नावे एवढेच शिल्लक आहे.

लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नाणी. गणित शिकवणाऱ्यांनी हा लेख मुद्दाम पाहावा, कारण या यादीतल्या संख्या आकड्यांत लिहिलेल्या आहेत. भारतात सापडलेल्या अशा सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. त्यात १,७०० आहेत, ११,००० आहेत, २४,४०० सुद्धा आहेत. पण शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहासाठी वेगळे चिन्ह, शंभरासाठी वेगळे, हजारासाठी वेगळे. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार. आपली पोरे ‘एकक, दशक, शतक’ म्हणून सहज जे लिहितात ते येथे अजून जन्माला यायचे होते. १८२८ मध्ये विल्यम साइक्स यांनी या लेखाकडे लक्ष वेधले. त्यातल्या अंकांचा नीट उलगडा करणारा निबंध पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केला.

एवढ्या अवघड जागी राणीने लेख का कोरवला? कारण ती जागा आडरानात नव्हती. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नर आणि पुढे पैठण. त्या काळी हा रहदारीचा मोठा रस्ता होता. कल्याणचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तकातही येते. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत असे सगळे सांगतात, आणि घाटाचे नावही त्यावरून पडले असे म्हणतात. रांजण तेवढा जुना आहे की नाही आणि तो जकातीचाच होता की नाही, याला पुरावा नाही. सहलीला गेल्यावर मुलांना हा फरक जरूर सांगावा. लेख हा पुरावा आहे, रांजणाची गोष्ट ही गोष्ट आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने मुद्दा असा. ज्याला आज आपण आडवळणाचा मुलूख म्हणतो तो एके काळी हमरस्त्यावर होता. कोकणातले मीठ येथून वर जाई आणि घाटावरचे धान्य खाली येई. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे भरणारी खांबलिंगेश्वराची जत्रा आजही त्या देवघेवीची आठवण देते. घाटावरचे बैल आणि घोंगड्या तेथे विकायला येतात, कोकणातला शेतकरी ते घेतो.

मधला काळ आम्ही पटकन ओलांडतो. शहापूरजवळचा माहुली किल्ला निजामशाहीच्या अखेरीचा साक्षीदार आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी येथेच मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे शेवटची झुंज दिली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा किल्ला मोगलांकडे गेला, १६७० मध्ये मराठ्यांनी परत घेतला. शहापूरच्या मुलुखाचे जुने नाव कोळवण. कोळी महादेव, ठाकूर, कातकरी, कुणबी आणि आगरी ही येथली माणसे. किल्ल्यांवर निशाण कोणाचे, याने त्यांच्या खाचरात फार फरक पडला असेल असे वाटत नाही. फरक पडला तो पुढे, रूळ आले तेव्हा.

रूळ आणि राब

मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची. १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली, १८५५ मध्ये वासिंदला, १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. पुढे थळ घाट. येथे रूळ ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर चढतात. माणसाला हा चढ जाणवणारही नाही, पण गुळगुळीत रुळांवरच्या गाडीला तो फार आहे. म्हणून आजही कसाऱ्याला गाडीला मागून ‘बँकर’ इंजिने जोडतात. सुरुवातीला तर घाटात गाडी एका टोकापर्यंत जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. १८६५ मध्ये इगतपुरी जोडली गेली.

रेल्वेने दोन्ही तालुक्यांचे नशीब वेगळे केले. शहापूरला आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके मिळाली, मुंबई-आग्रा रस्ता होताच. मुरबाडला काहीच नाही. ज्या नाणेघाटाने मुरबाडला दोन हजार वर्षे जगाशी जोडले होते तो एका पिढीत पायवाट झाला. लमाणांचे बैलांचे तांडे मंदावले. मुरबाडला रेल्वे हवी ही मागणी जुनी आहे, रूळ मात्र आजही तेथे पोचलेले नाहीत. पण ज्या शहापूरला रेल्वे आली त्याचे तरी सगळे भले झाले का? गाडीबरोबर मुंबईची भूकही आली. इमारती लाकूड, जळण, लोणारी कोळसा आणि तबेल्यांसाठी गवताच्या गाठी हा माल आता स्वस्तात खाली जाऊ लागला. जंगल कापणारा हात आदिवासीचा, पैसा ठेकेदाराचा.

याच सुमारास, १८७८ मध्ये, इंग्रज सरकारने वनकायदा केला आणि राखीव जंगले आखली. त्याचा सर्वांत मोठा फटका राबाला बसला. शहरातल्या वाचकांसाठी राब म्हणजे काय ते सांगायला हवे. उन्हाळ्यात ऐन आणि इतर झाडांच्या फांद्या छाटायच्या, शेण, पालापाचोळा आणि गवत यांच्याबरोबर रोपवाटिकेच्या तुकड्यावर थर देऊन पसरायच्या, वर बारीक माती टाकायची आणि पावसाआधी भाजायचे. त्या जागेत भाताचे रोप टाकायचे. उष्णतेने तणांचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, रोप जोमाने येते. शेतखात्याच्या लोकांनी याला अडाणी पद्धत म्हटले, पण ज्याच्याकडे दुसरे खत नाही त्याचा तो हिशेबी उपाय होता. फांद्या तोडायला बंदी म्हणजे भाताला बंदी. ओरड इतकी झाली की सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि त्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी ऐकल्या. थोड्या सवलती मिळाल्या. जंगल कोणाचे, हा वाद मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत, आणि खरे म्हणजे त्यानंतरही, चालूच राहिला.

एक आठवण येथे सांगायला हवी. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. कोतवाल माथेरानचे. त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने १९४२ च्या लढ्यात मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. ही वीज डोंगरातल्या गावांवरून जात होती आणि त्या गावांत दिवा नव्हता.

पाणी

आता तलावांकडे येऊ. मुंबईला विहार आणि तुळशी हे जवळचे तलाव एकोणिसाव्या शतकातच अपुरे पडू लागले. मग शहापूर तालुक्यात तानसा नदीवर दगडी बांध घातला गेला, लांबी सुमारे २.८ किलोमीटर. १८९२ मध्ये त्याचे पाणी मुंबईला मिळू लागले. निवड हुशारीची होती. तलाव शहरापेक्षा उंचावर, म्हणून पाणी नळातून आपल्या वजनाने उतरते, पंप लागत नाही. तलावाचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालचे जंगल राखले गेले. आज तेथे तानसा अभयारण्य आहे. एका परीने मुंबईच्या तहानेनेच ते जंगल वाचवले हे मान्य केले पाहिजे. जंगलात राहणाऱ्यांना त्यातून काय मिळाले, हा प्रश्न वेगळा.

मग वैतरणेवर मोडकसागर झाला आणि नंतर भातसा. भातसाचे पाणी नदीतूनच खाली सोडतात आणि पिसे येथील बंधाऱ्यातून उचलून मुंबईकडे नेतात. मुंबईच्या सात तलावांची मिळून साठवण आहे १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचा वाटा ७,१७,०३७ आणि तानसाचा १,४५,०८०. शेकडेवारी मुलांनाच काढू द्यावी. या दोन तलावांत साठ टक्क्यांच्या जवळ पाणी आहे. मुंबईत सकाळी नळ सोडला तर निम्म्याहून अधिक वेळा त्यात शहापूरचा पाऊस असतो.

भातसाचा उजवा कालवाही आहे. त्याच्या पाण्यावर काही गावांत उन्हाळी भात आणि भाजीपाला होतो, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. पण कालवाही उताराने जातो. त्याच्या खालच्या शेताला पाणी, वरच्या पाड्याला नाही. येथेच त्या मुलीच्या प्रश्नाचा कळीचा भाग आहे. धरण दरीत असते आणि ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे डोंगराच्या सोंडेवर. पाणी डोळ्यांना दिसते, पण ते शंभर-दोनशे मीटर खाली. मुंबईला नव्वद-शंभर किलोमीटर दूर पाणी नेणे सोपे आणि दोन किलोमीटर वरच्या पाड्याला चढवणे महाग. वीजबिल ग्रामपंचायतीने भरायचे, पंप बिघडला तर दुरुस्तीही तिनेच करायची. अशा नळयोजनांचे गंजलेले पाइप आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

उतार हा असा मुंबईच्या बाजूने उभा आहे. पण भरपाई किती द्यायची, धरणाचे काही पाणी वरच्या गावांसाठी राखून त्याचा खर्च पाणी घेणाऱ्यांनी उचलायचा की नाही, हे उतार ठरवत नाही. ते माणसे ठरवतात, आणि दीर्घकाळ ती माणसे येथली नव्हती.

मुरबाडकडेही हीच गोष्ट आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि प्रत्येक टप्प्याला तालुक्यातल्या आणखी जमिनी पाण्याखाली गेल्या. पाणी गेले कारखान्यांना आणि शहरांना. काळू नदीवरच्या नियोजित धरणाला मात्र श्रमिक मुक्ती संघटनेने विरोध केला आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वनमंजुरीच्या मुद्द्यावर काम थांबवले. खालच्या दिशेचा एक बाण थबकला असे हे आमच्या माहितीतले मोठे उदाहरण.

पाण्यापाठोपाठ माणसेही उतारालाच लागतात. भात कापून झाले, दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतता येत नाही. मुले बरोबरच जातात. जूनमध्ये पटावर असलेली चाळीस नावे डिसेंबरात पंचवीस का होतात, हे येथल्या गुरुजींना सांगावे लागत नाही. १९९० च्या दशकात विधायक संसदेने भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ भरवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. दुसऱ्या बाजूला, शिकलेली मुले पहाटेची कसारा लोकल धरून ठाणे-मुंबई गाठतात आणि रात्री परततात. मुरबाडला औद्योगिक वसाहत झाली, भेंडीसारखी भाजी बाहेर जाऊ लागली, बाजारपेठा वाढल्या. धसई हे मुरबाडमधले बाजाराचे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. आसपासच्या पाड्यांवरचे गिऱ्हाईक भाताचे पैसे रोख घेऊन येते, त्यामुळे रोकड काही हटली नाही.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसारा घाटाखालून जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा गेला आहे. ज्या चढासाठी रेल्वेला मागून इंजिने लावावी लागतात तो मोटार काही मिनिटांत पार करते, आणि आग्रा रस्त्यावरच्या टपऱ्यांकडे न बघता निघून जाते. नाणेघाटाचे झाले तेच आता जुन्या घाटरस्त्याचे किती होते, ते पाहण्यासारखे आहे.

पुढच्या वर्षी ती मुलगी आठवीत गेली. आम्ही तिला जेवढे समजले तेवढे सांगितले आणि एक बातमीही सांगितली. शहापूरच्या टंचाईग्रस्त गावपाड्यांसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना हाती घेतली आहे. भावली घाटमाथ्यावर आहे, म्हणजे पाड्यांपेक्षा उंच. तिने थोडा वेळ फळ्यावरच्या नकाशाकडे पाहिले. मग विचारले, ‘‘म्हणजे ते पाणी पण आपोआपच येणार? आणि तिथल्या पाड्यांना पुरेल का?’’